ढोल, कुडुरो आणि खर्ज: तासाभराचा डीजे सेट कसा बांधायचा

जगभरची तालवाद्यं आणि जाड बेस यांचा सेट फसतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: खालच्या पट्ट्यात एकाच वेळी दोघे-तिघे बोलत असतात. ढोलाचा दम, गाण्यातला किक (ड्रमचा जाड ठोका) आणि बेसलाइन या तिघांनाही साधारण ४० ते १२० हर्ट्झच्या आसपासची जागा हवी असते. ती एका वेळी एकालाच द्यायची आणि बाकीच्यांना तेवढा वेळ वर हलवायचं, हे या प्रकारातलं मुख्य कसब. वेग, शैली, ड्रॉप यांचा विचार त्यानंतर.

ज्यांना कंट्रोलरवर दोन गाणी मिसळता येतात, पण उघड्यावर अजून वाजवलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. समोर धरलेला प्रसंग कोकणात नेहमी येणारा आहे: डिसेंबरातला शनिवार, गुहागर किंवा तारकर्लीकडची नारळी-पोफळीची वाडी, दीडशेएक माणसं, आणि तुमच्या वाट्याला रात्री पावणेनऊ ते पावणेदहा असा एक तास. दहाला आवाज बंद व्हायलाच हवा, म्हणून सेटचा कळस साडेनऊच्या सुमारास येईल असं सगळं बांधायचं.

आधी टाळीवर: सहा आणि आठ

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हे हातात बसवा. केरव्याच्या आठ मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या मात्रेवर टाळी द्या. म्हणजे तीन-तीन-दोन. क्यूबात या घाटाला त्रेसिय्यो म्हणतात. डेम्बो, रेगेटॉन, सोका, बाइले फंक, या सगळ्या नाचाच्या शैलींत हा घाट कुठे ना कुठे सापडतो. केरव्याची सवय असलेल्या भजनी माणसाला तो पाच मिनिटांत कळतो, फक्त तिसरी टाळी लवकर आल्यासारखी वाटते. ती तशी वाटायलाच हवी. नाचणाऱ्याचं पाऊल तिथेच उचललं जातं.

कोळीगीतांची चाल मात्र बहुतेक वेळा सहाची असते: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा, दादऱ्यासारखी झुलती. नवा डीजे इथे हमखास अडखळतो. तो कोळी ठेक्याचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, हाउसच्या गाण्याशी जुळवतो, मोठे ठोके एकमेकांवर पडतातही, पण मधल्या जागेत एकाचे तीन भाग असतात आणि दुसऱ्याचे चार. ताशासारखं दाट वाद्य त्यात असलं की सगळं ठेचकाळत चालल्यासारखं ऐकू येतं. ग्रिड (सॉफ्टवेअरने ठोक्यांवर आखलेल्या रेषा) कितीही सुधारली तरी हे जात नाही, कारण चूक ग्रिडची नसतेच.

उपाय आहे बारीक ठोका जुळवण्याचा. ९३.३ बीपीएमच्या कोळी ठेक्यात प्रत्येक ठोक्याचे तीन भाग होतात, म्हणजे मिनिटाला २८० बारीक ठोके. १४० बीपीएमच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याचे दोन भाग केले की तेही २८०. बारीक चाल तीच राहते, फक्त तिची गटवारी तिनाऐवजी दोनाची होते. पाय न अडखळता लोक ९३ वरून १४० वर जातात आणि काय झालं ते त्यांना कळतही नाही. सहाच्या ठेक्याचं विश्लेषण करताना सॉफ्टवेअर अनेकदा ९३ च्या जागी १४० असा आकडा दाखवतं, ते याच नात्यामुळे. तो आकडा चुकीचा म्हणून पुसू नका. नाव बदलून गाण्याच्या दोन प्रती ठेवा, एक ९३ ची आणि एक १४० ची.

असंच दुसरं नातं १०५ आणि १४० चं आहे. १०५ चे चार भाग मिनिटाला ४२० होतात, १४० चे तीन भागही ४२०. ताशाची एकसारखी तडतड किंवा शेकरचा (खुळखुळ्याचा) लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, हा या दोन वेगांमधला पूल. अशा उडीच्या वेळी सिंक (वेग आपोआप जुळवणारं बटण) बंद ठेवायचं, नाहीतर सॉफ्टवेअर दोन्ही गाण्यांना एकाच वेगावर ओढतं आणि नातंच तुटतं.

वेग किती आणि कोणते

एका तासात सगळं जग कोंबायचा मोह आवरा. तीन-चार वेगांचे मुक्काम पुरतात. कोलंबियाच्या किनाऱ्यावरची कुम्बिया साधारण ९० ते १०५ मध्ये असते, रेगेटॉन ९० ते १०० च्या आसपास. दक्षिण आफ्रिकेची आमापियानो ११२ च्या आगेमागे. तिच्यातला लॉग ड्रम (खोल, वाकत जाणारा ठोका) हाच ताल आणि हाच बेस, त्यामुळे नवशिक्याला ती फार सोयीची. डरबनचं ग्कॉम १२४ ते १२८, त्यात दर ठोक्याला किक नसतो, तो मोडून टाकलेला असतो. रिओचं बाइले फंक १३० चं, त्याची अलीकडची धारा १५० ची. अंगोलातल्या लुआंडाचं कुडुरो १३० ते १४०. दक्षिण लंडनमध्ये २००० नंतर घडलेलं डबस्टेप १४० चं, पण चाल निम्मी, म्हणजे पाय ७० वर हलतात. ड्रम अँड बेस १७० ते १७५. टांझानियातल्या दार-एस-सलामचं सिंगेली २०० च्याही वर पळतं, ते पहिल्या सेटमध्ये नको.

वेग चढवत नेला की जोर वाढतो ही समजूत चुकीची आहे. जोर दाटपणातून येतो. १४० चं डबस्टेप, ज्यात दोन ठोक्यांमध्ये भरपूर मोकळी जागा आहे, ते १३० च्या गच्च बाइले फंकपेक्षा शांत वाटतं. म्हणून गाणी निवडताना प्रत्येकाला दोन खुणा द्या: वेग आणि दाटपणा, एक ते पाच. सलग तीन गाणी पाच दाटपणाची लागली तर चौथ्याला लोक पाणी प्यायला जातात. त्यांचा दोष नाही, कानाला विसावा हवा असतो.

गाणी जमवताना

तासाला वीस-बावीस गाणी लागतात, कारण तालवाद्यांचा ट्रॅक अडीच-तीन मिनिटांत आपलं बोलून मोकळा होतो. जवळ पन्नासेक ठेवा. शक्यतो बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर थेट कलाकाराकडून विकत घ्या. लुआंडा, डरबन, लिस्बनच्या पोरांनी घरच्या संगणकावर केलेलं काम आहे, त्याचे पैसे त्यांना मिळावेत. फाइल वेव्ह किंवा एआयएफएफ, नाहीतर ३२० ची एमपीथ्री. व्हिडिओवरून उतरवलेला आवाज नको. हेडफोनवर तो चालून जातो, पण मोठ्या टॉपवर (सबवूफरच्या वरच्या स्पीकरवर) झांज आणि ताशा पाण्यातून आल्यासारखे चळचळतात, कारण दाबलेल्या फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं असतं आणि खालच्या थापेची धारही गेलेली असते.

पेनड्राइव्ह दोन, दोन्हींवर तेच सामान, दोन्ही फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेले. एक्सफॅट आणि एनटीएफएस बऱ्याच जुन्या प्लेअरना वाचता येत नाहीत, आणि कोकणातल्या भाड्याच्या सामानात जुने प्लेअरच जास्त.

सुरांचं काय? नुसत्या तालवाद्यांच्या तुकड्यांना फारशी फिकीर नाही. बेसलाइन असलेल्या दोन गाण्यांना आहे. एक पांढरी एकमध्ये आणि दुसरं काळी एकमध्ये असेल आणि दोन्हींचे बेस चार सेकंद जरी एकत्र वाजले, तरी पोटात ढवळल्यासारखं होतं.

गावचा ढोल, ताशा, घुमट

कोकणात वाजवताना इथलं एकही वाद्य सेटमध्ये नसणं ही मोठी संधी घालवणं आहे. शिमग्याचा ढोल, ताशा आणि झांज, जाखडीची ढोलकी आणि घुंगरं, डबलबारीच्या भजनातला पखवाज, सिंधुदुर्गापासून गोव्यापर्यंतचं घुमट. घुमट बेस संगीतात विलक्षण बसतं. मातीचं भांडं, एका तोंडाला कातडं, दुसरं लहान तोंड उघडं. त्या तोंडावर तळवा कमी-जास्त झाकला की सूर वर-खाली वाकतो, अगदी लॉग ड्रम वाकतो तसा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात. रेकॉर्डिंगसाठी वाद्य निवडताना हे विचारून घ्या.

मिरवणुकीत रेकॉर्डर धरून उभं राहू नका. त्यात फटाके, हॉर्न, माणसं, सगळं येतं आणि एकही थाप वेगळी काढता येत नाही. वादकांना वेगळं बोलवा, मानधन ठरवा, कशासाठी वापरणार ते स्पष्ट सांगा, आणि कार्यक्रमात त्यांचं नाव आणि गाव सांगण्याचं कबूल करा. अंगणात किंवा बागेत बसवा. पडवीत किंवा सभागृहात नको, भिंतीचा प्रतिध्वनी नंतर निघत नाही. तीन मिनिटं नुसता ढोल, तीन मिनिटं नुसता ताशा, मग झांज, शेवटी सगळे मिळून. रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर, सगळ्यात मोठी थाप उणे १२ डीबीच्या आसपास राहील एवढाच गेन (आत घेतल्या जाणाऱ्या आवाजाची पातळी). ढोलापासून अडीच-तीन मीटर, कमरेच्या उंचीवर. ताशासाठी आणखी मीटरभर मागे. खाऱ्या वाऱ्याची वेळ असेल तर मायक्रोफोनवर केसाळ टोपी हवीच. फोनवर करायचं झालं तर त्याचा आपोआप कमी-जास्त होणारा गेन बंद करा, नाहीतर ढोलाच्या प्रत्येक थापेनंतर ताशा अर्धा सेकंद बुडतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. गाऱ्हाणं, आरती, पालखीपुढचा गजर यांचे तुकडे नाचाच्या सेटमध्ये घेऊ नका. ठेका घ्या, शब्द सोडा. गावाने दिलेला ढोल पुढच्या वर्षीही मिळायला हवा.

आता घरी आणलेल्या रेकॉर्डिंगचं काम. जिवंत ढोल एका वेगाने चालत नाही. ९२ ला सुरू झालेला तीन मिनिटांत १०५ वर गेलेला असतो. त्याची सरळ ग्रिड काढून सिंक लावलं तर पहिल्या आठ ठोक्यांनंतर सगळं सुटतं. एबलटन या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा, पहिली सम १.१.१ वर ठेवा, वॉर्प (आवाज ताणून ठोके जुळवणं) ‘बीट्स’ पद्धतीवर करा आणि दर चौथ्या समेवर एक खूण लावा. प्रत्येक ठोक्यावर खूण लावली तर रेकॉर्डिंग बिनचूक होतं आणि मरतं. ताशावाल्याची काडी समेच्या किंचित आधी पडते, त्यातच त्याची मजा असते. ती घालवायची नाही.

मग एकाच तुकड्याच्या दोन प्रती काढा. एक ‘भरलेला’, खर्जासकट. दुसरा ‘मोकळा’, ज्यात ९० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापलं आहे. बेसवाल्या गाण्यावर नेहमी मोकळाच वाजवायचा. भरलेला फक्त तेव्हा, जेव्हा दुसरं काहीच खाली नाही आणि ढोलालाच खर्ज सांभाळायचा आहे. ताशा बोचत असेल तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास तीन-चार डीबी उतरवा. आणि हे लक्षात असू द्या की घरच्या रेकॉर्डिंगची थाप उंच दिसते पण सरासरी आवाज कमी असतो. बाजारातून घेतलेल्या मास्टर केलेल्या गाण्यांशेजारी ते दुबळं वाटतं. तीन-चार डीबीचं लिमिटिंग (उंच थापा दाबून सरासरी आवाज वाढवणं) लावून मगच पेनड्राइव्हवर टाका. त्याहून जास्त लावलं की थाप चपटी.

क्यू लावणं

प्रत्येक गाण्याला चारच खुणा (क्यू), नेहमी त्याच क्रमाने: पहिली सम, बेस आत येतो ती जागा, बेस जाऊन नुसती वाद्यं उरतात ती जागा, आणि शेवटापूर्वीचे ३२ ठोके. तिसरी खूण या प्रकारच्या सेटचा प्राण आहे. तिथेच तुम्ही दुसरं गाणं आत आणणार, तिथेच लूप लावणार. चार ठोक्यांचा लूप, मग दोन, मग एक. अर्ध्यावर जाऊ नका, ढोलाची थाप मधेच कापली जाते आणि लोकांना सीडी अडकल्यासारखं वाटतं.

बेसची अदलाबदल, ठोक्या-ठोक्याने

हा भाग सावकाश वाचा आणि घरी रोज करा. समजा डावीकडे रेगेटॉन चालू आहे, ९८ वर, बेससकट. उजवीकडे कुम्बिया तयार आहे, तिलाही बेस आहे.

उजव्या चॅनेलचं लो (खर्जाचं) नॉब पूर्ण डावीकडे, मिड दहा वाजल्याच्या जागी, हाय बाराच्या जागी. डाव्या गाण्यात नव्या ३२ ठोक्यांची सुरुवात झाली की उजवं गाणं समेवर सोडा, फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली असतानाच. हेडफोनमध्ये दोन्ही ऐका. दोन थापा एक ऐकू यायला हव्यात. ‘टट’ असं दुहेरी ऐकू आलं तर दहा-वीस मिलिसेकंदांचा फरक आहे, जॉगच्या (फिरत्या चकतीच्या) कडेला बोटाने हलका धक्का द्या. हे काम पहिल्या आठ ठोक्यांत संपायला हवं. नवव्यापासून फेडर वर न्यायला लागा, सोळाव्याला तो पूर्ण वर. आता लोकांना कुम्बियाचं गुआचाराका (खरवडून वाजवायचं वाद्य) आणि शेकर ऐकू येतंय, खाली अजून रेगेटॉनचाच बेस आहे. सतरा ते बत्तीस यात काहीही करू नका. हात नॉबवर ठेवून थांबा. नवशिके इथेच घाई करतात.

तेहतिसाव्या ठोक्यावर, म्हणजे पुढच्या समेवर, दोन्ही हातांनी एकाच झटक्यात: डावं लो खाली, उजवं लो बाराच्या जागी. हळूहळू फिरवायचं नाही. हळू फिरवताना चार-सहा ठोके दोन्ही बेस अर्धे-अर्धे वाजतात. दोन सारख्या जोराचे बेस एकत्र आले की आवाज तीन ते सहा डीबी वाढतो, साउंडवाल्याचा लिमिटर आवाज दाबतो, आणि वरच्या झांजाही त्याबरोबर आत ओढल्या जातात. उलट चूक म्हणजे डावं आधी खाली करून उजवं विसरणं. दोन ठोके बेस नसला तर तो अलंकार वाटतो, आठ ठोके नसला तर लोक स्टेजकडे बघायला लागतात.

बेस बदलला की पुढच्या सोळा ठोक्यांत डावं मिड उतरवा, मग फेडर. कुम्बियाचं मिड बाराला आणा. झालं. ही एकच हालचाल तासाभरात वीसदा करायची आहे. ती न बघता जमली की मगच इफेक्टच्या बटणांना हात लावा.

वेगाच्या मोठ्या फरकाला वेगळी युक्ती लागते. ११२ ची आमापियानो आणि १२६ चं ग्कॉम थेट जुळत नाहीत. पिचची (वेग बदलणाऱ्या पट्टीची) कक्षा दोन्ही डेकवर १० टक्के करा. आमापियानोच्या तिसऱ्या खुणेपासून तिचा वेग ३२ ठोक्यांत ११८ वर न्या, ग्कॉम साधारण सहा टक्के उतरवून ११८ वर सोडा, बेस बदला, आणि मग पुढच्या दीड-दोन मिनिटांत ग्कॉम परत १२६ वर चढवा. चढ इतका सावकाश असावा की कोणाला कळू नये. की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारं बटण) मात्र बंद. तो चालू असला की चार टक्क्यांच्या पुढे ढोलकी-कोंगांच्या थापांची धार बोथट होते. बंद असताना सहा टक्क्यांना सूर साधारण अर्ध्या स्वराने सरकतो, पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये जातं, म्हणून अशा वेळी गायकाचा आवाज असलेला भाग टाळायचा.

गेनबद्दल दोन वाक्यं. चॅनेलचा दिवा हिरव्याच्या वर पहिल्या केशरीपर्यंत, मास्टरवर लाल कधीच नाही. आवाज कमी पडतोय असं वाटलं तर साउंडवाल्याला सांगा, तुम्ही मास्टर वर ढकललात तर फक्त फाटेल.

तासाचा आराखडा

पावणेनऊला ९५ ते १०० वर कुम्बिया आणि रेगेटॉन, पंधरा मिनिटं, दाटपणा दोन-तीन. लोक अजून जेवतायत, बोलतायत, त्यांना बोलू द्या. मग दहा मिनिटं आमापियानो, ११२. नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्कॉम, तिथून हळूच बाइले फंक १३० वर, हा पंधरा मिनिटांचा भाग सगळ्यात दाट. इथे मोकळ्या ढोलाचा लूप वर टाकत राहा, पण सलग दीड मिनिटापेक्षा जास्त नाही.

नऊ पंचवीसला सगळं तोडा. शेवटच्या थापेवर एको, फेडर खाली, दोन सेकंद पूर्ण शांतता. मग कोळी ठेका, ९३ वर, भरलेला ढोल, खाली दुसरं काहीही नाही. इथे लोक गातील, त्यांना दोन-तीन मिनिटं द्या. ठेका चालू असतानाच मागून १४० च्या कुडुरोचा शेकर आत आणा, २८० चा बारीक ठोका दोघांत एकच आहे. समेवर भरलेल्या ढोलाचा खर्ज काढा आणि कुडुरोचा बेस सोडा. साडेनऊ झालेले असतील. इथून बारा मिनिटं १४० वर: कुडुरो, मधे एक मोकळं डबस्टेप श्वासासाठी, पुन्हा कुडुरो. शेवटची तीन मिनिटं किक नसलेलं काहीतरी, नुसतं घुमट आणि लांब बेस.

जागा, वीज, दव

उघड्यावर बेसला मागे भिंत नसते, त्यामुळे खोलीत पुरणारे सबवूफर वाडीत अपुरे पडतात. दीडशे माणसांना १५ इंची दोन टॉप आणि १८ इंची दोन सब हा किमान हिशेब. दोन्ही सब डावी-उजवीकडे न ठेवता मधोमध एकमेकांना चिकटून ठेवा. वेगळे ठेवले की मधल्या रेषेवर बेस जोरात आणि बाजूला खड्डे. चिकटवले की एकट्या सबपेक्षा सहा डीबीपर्यंत जास्त मिळतात, आणि सगळीकडे सारखे. वाळूवर ठेवायचे असतील तर खाली जाड प्लायवूड, नाहीतर तासाभरात तिरके होतात. टॉपची पाठ वस्तीकडे, तोंड समुद्राकडे. पण खर्ज पाठीमागेही तेवढाच जातो. मागच्या घराच्या कौलांपर्यंत चालत जाऊन एकदा ऐकून या.

वीज तपासल्याशिवाय एकही प्लग लावू नका. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रलमध्ये २२० ते २४० व्होल्ट हवेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. जनसेटवर थ्री-फेज असेल आणि न्यूट्रल सुटला तर तुमच्या कंट्रोलरला चारशेच्या आसपास व्होल्ट मिळू शकतात आणि सगळं एका क्षणात जळतं. लाइट आणि साउंडची लाइन वेगळी. एकाच लाइनवर असतील तर डिमरची किरकिर टॉपमध्ये येते. ‘घूं’ असा सततचा आवाज बहुतेक वेळा अर्थिंगचा असतो: लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, आवाज गेला तर डीआय बॉक्स (अर्थचा दुवा तोडून सिग्नल पुढे देणारी डबी) लावा. अर्थची पिन कापणं हा उपाय नव्हे, त्यात जीव जातो. जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थ नीट लागत नाही, रॉड खोल ठोकून भोवती पाणी ओतायला मंडपवाल्याला आधीच सांगा. डीजेच्या टेबलापासून पाचेक मीटरच्या पुढे आरसीए वायर नेऊ नका, एक्सएलआर वापरा.

दवाचा विचार नवखे करतच नाहीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री किनाऱ्यालगत उघड्यावरची प्रत्येक वस्तू ओली होते, जॉगवरून बोट घसरतं. टेबलावर छत हवंच, ताडपत्रीचं चालेल. एसी गाडीतून आणलेला कंट्रोलर लगेच चालू करू नका, पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेला येऊ द्या. आत बाष्प धरलेलं असतं. कार्यक्रमानंतर कोरड्या फडक्याने पुसून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. मिठाची हवा फेडरच्या आधी जॅक खाते.

परवानगी

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सण-समारंभांना ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. तो दिवस त्यात येतो का ते पोलीस ठाण्यात विचारा. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डीबी. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. ही मोजणी ए-वेटिंगवर होते, जिच्यात बेस फारसा धरलाच जात नाही. फोनवर ७० दिसत असताना शेजाऱ्याच्या खिडक्या थरथरत असू शकतात. त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, शेजारी आधी जाऊन भेटा. रेकॉर्ड केलेलं संगीत सार्वजनिक ठिकाणी वाजवायचा परवाना आयोजकाने घेतलाय का तेही विचारा.

थेट वाळूवर कार्यक्रम शक्यतो घेऊच नका. नोव्हेंबर ते मार्च हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालायचा काळ. वेळास, आंजर्ले, गुहागर या किनाऱ्यांवर माद्या रात्री वर येतात. दिवे आणि माणसांची वर्दळ असली की अंडी न घालताच परत फिरतात. वाडीत, झाडांच्या आड वाजवा, दिव्यांची तोंडं जमिनीकडे.

ढोलवाला सोबत असेल तर

रेकॉर्डिंगऐवजी प्रत्यक्ष वादक मिळाला तर उत्तमच, पण त्याच्या कानाशी मॉनिटर (वादकाला गाणं ऐकवणारा स्पीकर) हवा, आणि त्यात फक्त शेकर किंवा हाय-हॅट जोरात. बेस दिला तर त्याला ठोका सापडत नाही. ब्लूटूथ स्पीकर मॉनिटर म्हणून नको, तो आवाज उशिरा देतो. माणूस रंगला की लय चढते, तेव्हा तुम्ही त्याच्यामागे जा: सिंक बंद, हात पिच फेडरवर. ढोलाच्या खर्जाच्या बाजूला डायनॅमिक माइक, आणि तुमच्या गाण्याचं लो तेवढा वेळ खाली. दोघांत खूण ठरवून ठेवा, हात वर म्हणजे आणखी चार आवर्तनं, मूठ म्हणजे पुढच्या समेवर थांब.

पावणेदहाला शेवटचा फेडर खाली आला की आधी अँप बंद करायला सांगा, मग मिक्सर, मग लॅपटॉप. उलट क्रमाने केलं तर टॉपमधून मोठा ‘धप्प’ येतो आणि ट्विटर (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) जातो.